रशियन क्लासिक्सची सुरुवात: आधी तुर्गेनेव्ह की आधी दोस्तोयेव्हस्की?

रशियन साहित्य आणि तिथला समाज, दोन्ही एकत्र समजून घ्यायचं तर पहिलं पुस्तक कुठलं घ्यावं? माझ्यासमोर शेवटी दोनच उरली होती, तुर्गेनेव्हचं 'फादर्स अँड सन्स' आणि दोस्तोयेव्हस्कीचं 'क्राइम अँड पनिशमेंट'. टॉलस्टॉय मुद्दाम बाजूला ठेवलाय, त्याला नंतर निवांत वेळ द्यावा. या दोघांची जोडी लावायला कारणही आहे, दोन्ही कादंबऱ्या संपादक कात्कोव्हच्या 'रुस्की वेस्तनिक' या एकाच मासिकात आल्या, पहिली १८६२ ला आणि दुसरी १८६६ मध्ये हप्त्याहप्त्याने. तिथे तेव्हा संसद नाही, पक्ष नाहीत, वर सेन्सॉर बसलेला, मग भूदासांचं (जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांचं) काय करायचं, देव मानायचा की नाही, बायकांनी शिकायचं की नाही हे सगळे वाद अशा जाडजूड मासिकांतल्या कादंबऱ्यांत आणि त्यांच्या परीक्षणांत चालायचे. आपल्याला शोधायचंय ते हेच, असं मी धरून चाललोय.

पकड कोणाची जास्त म्हणाल तर दोस्तोयेव्हस्कीची, त्यात वादच नाही. पीटर्सबर्गचा तो उकाडा, सेन्नाया चौकाजवळचे दारूचे गुत्ते, दारुड्या मार्मेलादोव्हच्या घरातली उपासमार, घरासाठी पिवळं तिकीट (वेश्याव्यवसायाचा परवाना) घेतलेली त्याची मुलगी सोन्या... शहरातली गरिबी इतक्या जवळून दाखवणारं दुसरं काही माझ्या तरी वाचनात नाही. आणि लिहिणारा माणूस कोण, तर समीक्षक बेलिन्स्कीचं बंदी असलेलं पत्र मित्रांच्या बैठकीत वाचून दाखवलं म्हणून १८४९ ला पकडला गेलेला, गोळ्या घालायला मैदानात नेऊन ऐन वेळी शिक्षा बदललेला आणि मग ४ वर्षं सैबेरियात सक्तमजुरी केलेला.

पण मला अडलं ते एका गोष्टीवर. तो ज्यांच्याशी भांडतोय ते पुस्तकात धड हजरच नसतात. नायक रास्कोल्निकोव्हच्या बहिणीशी लग्न ठरलेला लुझिन येतो आणि म्हणतो की कोट फाडून अर्धा दुसऱ्याला दिला तर दोघंही अर्धे उघडे राहणार, म्हणून आधी स्वतःवर प्रेम करा. त्याच्या ओळखीचा लेबेझ्यात्निकोव्ह कम्यूनच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकत्र राहण्याच्या, गप्पा मारतो. लेखक या दोघांवर एवढा का चिडलाय ते नुसत्या पुस्तकावरून कळतच नाही, कारण मूळ वाद जहाल लेखक चेर्निशेव्हस्कीच्या, स्वतःचं हित नीट ओळखलं की समाजाचंही भलं होतं, या विचारांशी आहे, ज्याची तुरुंगात लिहिलेली कादंबरी १८६३ ला छापून आली आणि तरुणांनी डोक्यावर घेतली. मग प्रत्येक वेळी मागच्या टिपा उघडा, परत या, तोवर रास्कोल्निकोव्हने तुम्हाला पुन्हा त्याच्या डोक्यात ओढून नेलेलं असतं आणि समाज राहतो बाहेरच. मला याचा फार त्रास झाला, तुम्हाला कदाचित होणारही नाही.

तुर्गेनेव्हकडे दोन्ही बाजू एकाच टेबलावर चहा पीत भांडतात. कुठलीच सत्ता किंवा परंपरा न मानणारा तरुण 'निहिलिस्ट' बझारोव्ह एकीकडे, जुन्या वळणाचा जमीनदार पावेल पेत्रोविच दुसरीकडे, आणि दोघांचंही म्हणणं आपल्याला पूर्ण ऐकू येतं. गोष्ट घडते १८५९ च्या उन्हाळ्यात, भूदासपद्धती गेली १८६१ ला, म्हणजे सगळं बदलायच्या अगदी तोंडावर. माझी सगळ्यात आवडती जागा शेवटाकडे आहे, शेतकऱ्यांशी कसं बोलावं ते आपल्यालाच कळतं असं मानणारा बझारोव्ह त्या शेतकऱ्यांच्या नजरेत जवळजवळ विदूषक असतो आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो. सुशिक्षित तरुण आणि खेडं यांच्यातली दरी मला या दोन ओळींत जितकी कळली तितकी इतिहासाच्या पुस्तकांतून कळली नव्हती.

आणि पुस्तक बाहेर पडल्यावर जे झालं तोही अभ्यासाचाच भाग आहे. १८६२ च्या मे महिन्यात पीटर्सबर्गमध्ये मोठ्या आगी लागल्या, तेव्हा शहरात परतलेल्या तुर्गेनेव्हला भेटलेला पहिलाच ओळखीचा माणूस म्हणाला, बघा तुमचे निहिलिस्ट काय करतायत, ही आठवण त्याने स्वतःच लिहून ठेवलीय. कादंबरीतला एक शब्द एवढ्या लवकर रस्त्यावर आला!

तुर्गेनेव्हमध्ये कमी काय, तर बझारोव्ह आणि ओदिन्त्सोवाचं प्रेमप्रकरण थोडं रेंगाळतं आणि शहर जवळजवळ नाहीच. तुम्हाला गुन्हा, कायदा किंवा शहरी गरिबी यातच रस असेल तर खुशाल दोस्तोयेव्हस्कीपासून सुरू करा, फक्त भरपूर टिपा असलेली आवृत्ती घ्या. कॉन्स्टन्स गार्नेटचे दोन्हींचे जुने इंग्रजी अनुवाद नेटवर फुकट मिळतात, पण टिपांसाठी नवी आवृत्तीच बरी. बाकी कोणी विचारलं तर मी आधी 'फादर्स अँड सन्स' म्हणेन, आणि ते संपल्या संपल्या १८६२ चाच समीक्षक पिसारेव्हचा बझारोव्हवरचा लेख मिळाला तर वाचा, कारण 'सोव्रेमेन्निक' या जहाल मासिकात समीक्षक अन्तोनोविचने हीच कादंबरी तरुणांची बदनामी म्हणून झोडपली होती आणि पिसारेव्हने मात्र बझारोव्हला आपला माणूस मानलं. मग 'क्राइम अँड पनिशमेंट' घ्या, लुझिन तोंड उघडेल तेव्हा टिपा बघाव्या लागणं बरंच कमी होतं.