प्राइम९५: रॅम तपासायला घेतलं, मूळ संख्यांपर्यंत पोचलो

दुकानात जुळवलेला डेस्कटॉप गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी मी रात्रभर प्राइम९५ वर टाकतो. मशीनला ताण देऊन तपासणारा हा प्रोग्रॅम फुकट आहे, झिप उघडली की चालू. सुरुवातीलाच विचारतं, 'जिम्प्स'मध्ये (म्हणजे सगळ्यांनी मिळून मूळ संख्या शोधायच्या प्रकल्पात) सामील व्हायचंय की नुसतं मशीन तपासायचंय? आमच्या धंद्यातले सगळे दुसरं बटण दाबून मोकळे. तपासणीचे प्रकार तीन: 'स्मॉल एफएफटी'ला प्रोसेसर तापतो, 'लार्ज'ला रॅमची परीक्षा, 'ब्लेंड'मध्ये दोन्ही थोडं थोडं. गेम तासन्‌तास मख्खन चालतात अशा मशीनवरसुद्धा इथं मध्येच एरर येतो: राउंडिंगची (आकडा पूर्णांकात बसवतानाची) चूक ०.५ आली, ०.४ पेक्षा कमी हवी होती. दोष बहुतेक वेळा रॅमच्या पट्टीचा, नाहीतर ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे मशीन ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवल्याचा.

ह्यालाच का बरं सापडतं? कारण जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये हे काढलं ते मर्सेन मूळ संख्या शोधायला. म्हणजे २ चा अमुक घात, वजा १. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्यानं भागत नाही. ११ मूळ आहे, तरी २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. खात्री करायची ल्युका-लेमर चाचणीनं: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच, घातांकापेक्षा दोन कमी वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. ३१ साठी (२ चा ५ वा घात, वजा १) ४, १४, ८, ०. शून्य आलं, ३१ मूळ. बाकी काढायला भागाकारही लागत नाही. बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या ० आणि १ च्या लिखाणात, ही संख्या म्हणजे नुसती एकांची रांग, त्यामुळे वरचे अंक कापून खालच्यांत मिळवले की झालं. मला तर हा भाग फारच आवडला.

आता ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक डुरांटला सापडलेली संख्या घ्या: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. एकूण ४,१०,२४,३२० अंक. तिच्यासाठी हाच वर्ग तेरा कोटींहून जास्त वेळा, आणि प्रत्येक उत्तर पुढच्यात जाणार. मध्ये एक बिट चुकला तर पुढचं सगळं रद्दी. गेममध्ये एखादा पिक्सेल चुकला तर कोणाच्या बापाला कळतंय! इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला हँग होण्याचा दोषही ह्याच प्रोग्रॅमवर उघडा पडला. २०१६ मध्ये कंपनीनं तो मान्य केला.

रूप मात्र विंडोज ९५ च्या जमान्यातलं, मेनू रूक्ष. लॅपटॉपवर लावू नका, पंखा रडतो. आणि नवी संख्या शोधणाऱ्याला जिम्प्स देतं त्या ३,००० डॉलरच्या बक्षिसावर डोळा असेल तर विसरा. डुरांटनं अनेक देशांतल्या डेटासेंटरमधली ग्राफिक्स कार्डं वापरली, तीही दुसऱ्या प्रोग्रॅमवर. प्राइम९५ फक्त प्रोसेसरवर चालतं. तरी दुकानातल्या एका जुन्या आय-५ वर मी जिम्प्सचं काम लावून ठेवलंय. लाइट बिल बघून बायको विचारते, मी 'टेस्टिंग' म्हणतो.

मशीन तपासायला पाचपैकी पाच. दिसण्याला दोन.