कोरडे खाद्य, आठ महिने आणि ठकीचे नाक

ठकी ही आमची देशी कुत्री. वय अंदाजे तीन वर्षे, वजन १८ किलो, मुक्काम चिपळूण. आमच्याकडे येण्यापूर्वी ती मासळी बाजाराच्या मागच्या अंगाला वाढली असल्यामुळे तिच्या लेखी जेवण म्हणजे भात आणि बांगड्याची डोकी. होळीनंतर आम्ही तिचे सकाळचे जेवण तयार कोरड्या खाद्याचे, म्हणजे पिशवीतल्या दाण्यांचे केले. संध्याकाळी मात्र पूर्वीप्रमाणेच भात आणि उकडलेली कोंबडी किंवा काटे काढलेली मासळी चालू ठेवली. या गोष्टीला आता आठ महिने झाले. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मधे जो गोंधळ झाला त्यात कंपनीचा वाटा किती, दुकानदाराचा किती आणि माझा किती, हे मला वेगळे काढता येणार नाही.

पहिली चूक निःसंशय माझी. एका दिवसात भात बंद करून वाटीभर दाणे पुढे ठेवले आणि तिसऱ्या दिवशी तिला जुलाब लागले. नंतर दहा दिवस भातात थोडे थोडे दाणे मिसळून प्रमाण वाढवत नेले, तेव्हा पोट स्थिरावले. पोट स्थिरावले तरी मन काही लागेना. ठकी एक दाणा दातांत धरून उचलायची, वाटीपासून चार पावलांवर नेऊन फरशीवर ठेवायची, त्याच्याकडे बघायची, हुंगायची आणि मग कुणावर तरी उपकार केल्यासारखा खायची. दुकानदाराने सांगितले की कुत्री एकाच चवीला कंटाळतात, चव बदलून पाहा. म्हणून ‘चिकन व भाज्या’ असे लिहिलेल्या पिशवीसोबत ‘मटण’ लिहिलेली दुसरी पिशवीही घरात आली.

खाद्य बनवणाऱ्या कंपन्या कुत्र्याची आवड तपासताना दोन भांडी शेजारी ठेवतात. तो आधी कशाला तोंड लावतो हे पाहतात आणि शेवटी कशातले किती संपले ते मोजतात. काही कुत्र्यांना उजव्या किंवा डाव्या भांड्याचीच सवय असते, म्हणून भांड्यांच्या जागाही बदलतात. हाच प्रयोग मी घरच्या दोन सारख्या वाट्या आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आठ दिवस केला. चिकन की मटण या प्रश्नाचे ठकीने एकही ठाम उत्तर दिले नाही; कधी हे आधी संपले, कधी ते. नंतरचे सहा दिवस मात्र एकाच पिशवीतले दाणे एका वाटीत कोरडे आणि दुसरीत कोमट पाण्यात पाच मिनिटे भिजवून ठेवले, आणि सहाही दिवस ती आधी भिजवलेल्या वाटीकडे गेली. एका कुत्रीवर आणि चौदा दिवसांवर सिद्धांत उभा राहत नाही हे मलाही कळते. पण आमच्या घरापुरता निकाल लागला आणि दुसऱ्या पिशवीचा खर्च वाचला.

असे का होते, याचे उत्तर कुत्र्याच्या जिभेत कमी आणि नाकात जास्त आहे. माणसाच्या तोंडात साधारण ९,००० स्वादकलिका धरतात. कुत्र्याच्या जिभेवर त्या सुमारे १,७०० असतात. गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसाची चव त्याला कळते, पण या चवींमधले बारकावे आपल्याइतके कळत नाहीत. नाकाचा हिशेब उलटा आहे. गंध ओळखणाऱ्या पेशी आपल्याकडे पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याकडे वीस ते तीस कोटी असल्याचे सांगतात. थोडक्यात, पदार्थ तोंडात जाण्यापूर्वीच त्याचा निकाल लागलेला असतो. कोमट पाण्याने दाण्याची चव बदलत नाही, त्याचा वास मोकळा होतो. फ्रिजमधून काढलेल्या गार भाताकडे पाठ फिरवणारी ठकी तोच भात कोमट केल्यावर चाटूनपुसून खाते, त्याचेही कारण हेच. पाणी कोमटच हवे. बोटाला चटका बसेल इतके गरम पाणी घातले तर ती वाटीभोवती घिरट्या घालत बसते आणि आपल्यालाच घाई होते.

दाणे कसे तयार होतात हे समजल्यावर आणखी एक कोडे सुटले. धान्याचे पीठ, मांसाची भुकटी वगैरेंचे ओले मिश्रण यंत्रात उष्णता आणि दाब देऊन शिजवतात, साच्यातून बाहेर ढकलून कापतात, वाळवतात, आणि मग त्यावर चरबी व कोंबडीच्या काळजासारख्या पदार्थांपासून केलेला स्वादाचा अर्क फवारतात. म्हणजे कुत्र्याला खुणावणारा माल बराचसा दाण्याच्या पाठीवर असतो. मूठभर दाणे हाताळले की बोटे का तेलकट होतात आणि ठकीला पिशवीच्या तळाचा तपकिरी चुरा दाण्यांपेक्षाही प्रिय का, हे तेव्हा उमगले. आता तो चुरा मी फेकत नाही, भिजवलेल्या दाण्यांवर चिमूटभर भुरभुरते. आपण भातावर मेतकूट घेतो तसे.

आमच्या पिशवीवरील घटकांच्या यादीत पहिले नाव धान्याचे आहे, यावर नातेवाइकांपैकी एकाने ‘लांडग्याच्या जातीला मका कसला चारता’ असा आक्षेप घेतला. तो आक्षेप मला पटला नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की पिष्ट पचवणाऱ्या पाचकरसाच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे काढलेल्या प्राण्याचे पोट भातभाकरीला सरावले आहे. कोकणातल्या कुठल्याही वाडीत हे वाचनाशिवायही दिसते. मांसाचे प्रमाण पुरेसे आहे ना, हा प्रश्न योग्यच आहे, पण तो वेगळा.

आता पावसाळ्यातला प्रकार. किलोमागे स्वस्त पडते म्हणून जूनच्या अखेरीस मी १० किलोची पिशवी आणली. ठकीला सकाळी सुमारे १३० ग्रॅम दाणे लागतात, म्हणजे ती पिशवी सरायला अडीच महिने लागणार, हा भागाकार मी आणण्यापूर्वी करायला हवा होता. सगळे दाणे प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात ओतले. डब्याच्या तळाला आधीच्या पिशवीचा चुरा तसाच होता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ठकीने सकाळचे खाणे सोडले. वाटीपाशी जायची, नाक खाली न्यायची, आणि मान वळवून शेजारीच बसून राहायची. संध्याकाळचा मासळीभात मात्र व्यवस्थित खात होती. तरीही दोन दिवसांनी घाबरून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिला तपासले, मग मी कागदात बांधून नेलेले दाणे बोटांत चुरडून स्वतःच्या नाकाशी धरले आणि कागद माझ्यापुढे केला. जुन्या खोबऱ्याला येतो तसा खवट वास येत होता. दाण्यावरची चरबी हवेने आणि दमटपणाने बिघडली होती, आणि मला जे नाकाशी धरल्यावर कळले ते ठकीला बहुधा आठवडाभर आधीच कळले असावे. उरलेले साडेतीन किलो टाकून द्यावे लागले. स्वस्ताई तिथेच संपली.

तेव्हापासून ३ किलोचीच पिशवी आणते, ती तेवीस-चोवीस दिवसांत संपते. दाणे ओतून न ठेवता पिशवीसकट घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते, कारण पिशवीचे आतले अस्तर तेल आणि हवा दोन्ही अडवते. नवीन पिशवीपूर्वी डबा धुऊन उन्हात वाळवते आणि पिशवी फोडल्याची तारीख पेनाने वर लिहिते. प्लास्टिकची वाटीही बदलून स्टीलची केली. प्लास्टिकमध्ये तेलाचा वास मुरतो आणि घासूनही जात नाही.

गोडाविषयी थोडे. जंताची गोळी पेढ्यात घालून दिली, तर ठकीने पेढा गट्ट केला आणि गोळी चाटून पांढरीस्वच्छ करून फरशीवर ठेवली. तीच गोळी उकडलेल्या कोमट काळजाच्या तुकड्यात घातली तेव्हा सरळ पोटात गेली, कारण काळजाचा वास गोळीच्या वासावर मात करतो. कुत्र्याला गोड कळते आणि आवडते. मांजराला ते कळतच नाही. जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या प्रथिनाचे एक जनुक मांजरांत निकामी झालेले आहे, हे २००५ साली उघड झाले. शेजारची मांजर पेढा खाईलही, पण दुधातुपासाठी, साखरेसाठी नव्हे.

परंतु कुत्र्याची आवड म्हणजे त्याचे हित, असे समजणे धोक्याचे आहे. समुद्रावर गेलो की कुजलेल्या मासळीवर ठकी आधी लोळते आणि मग ती खाऊ पाहते. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, चॉकलेटमधले थिओब्रोमाइन त्यांना लवकर पचत नाही, आणि साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल तर फार कमी मात्रेतही घातक ठरते. यातल्या कशालाही तिची जीभ ‘नको’ म्हणणार नाही. प्रसादाचा शिरा आमच्याकडे मनुकांशिवाय होत नाही, त्यामुळे पूजेच्या दिवशी तिला आतल्या खोलीत ठेवतो. मासळीही कालवणातली देत नाही; तिच्यापुरती मीठमसाल्याशिवाय वेगळी उकडतो.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. विष्ठा पूर्वीपेक्षा घट्ट आणि नियमित झाली, केसांना थोडी चमक आली. दातांवरचे किटण मात्र दाणे खाऊन कमी झालेले मला दिसले नाही, आणि भिजवून दिल्यावर तशी अपेक्षाही धरता येत नाही. कोंबडीच्या दुकानातून मिळणाऱ्या पायमुंडीच्या मानाने खर्च जास्त आहे, पण सकाळी साडेसहाला भाताचा कुकर लावावा लागत नाही, हे मी त्या खर्चात धरते. पिशवीवर दिलेले रोजचे प्रमाण दिवसभर फक्त दाणे खाणाऱ्या कुत्र्यासाठी असते. आमच्यासारखे एक वेळ घरचे देत असाल तर ते निम्म्यावर आणावे. मी सुरुवातीचे दोन महिने तसे केले नव्हते आणि ठकीचे वजन १८ वरून २० किलोवर गेले होते. ते उतरवायला सप्टेंबर उजाडला.