टायटनचे इलेक्ट्रॉन: लँगम्यूर प्रोब घ्यावा की ईएलएस?

पृथ्वीच्या आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) विषुववृत्तीय उंचवटा, म्हणजे जिथे इलेक्ट्रॉन जास्त दाटतात तो पट्टा, इंदूरच्या जवळजवळ डोक्यावरच येतो. त्यामुळे इथल्या एम.एस्सी.च्या मुलांना जीपीएसवरून इलेक्ट्रॉन मोजण्याची ओळख असते, आणि काही जण पुढे कॅसिनी यानाने पाहिलेल्या टायटनकडे, शनीच्या चंद्राकडे, वळतात. मग प्रश्न येतो, यानावरच्या कोणत्या उपकरणाचा डेटा घ्यावा: लँगम्यूर प्रोब, की ईएलएस, म्हणजे इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणारा वर्णपटमापक? दोन्हींचा डेटा नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिममध्ये फुकट आहे. रेडिओ-पिधानाच्या (यानाचे रेडिओ संकेत टायटनच्या वातावरणातून जाताना मोजण्याच्या) फेऱ्या मोजक्याच, म्हणून ती वाट सोडतो.

ईएलएसचं एक सुख प्रोबमध्ये नाही. सूर्याच्या ३०.४ नॅनोमीटर किरणांनी नायट्रोजनमधून सुटलेल्या फोटोइलेक्ट्रॉनांचं शिखर २४.१ ईव्हीला (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) स्वच्छ दिसतं. पण टायटनचे बहुतेक इलेक्ट्रॉन थंड, ०.१ ईव्हीच्या आसपासचे. ईएलएसची मोजणी ०.६ ईव्हीपासून सुरू होते, शिवाय तिथे यान स्वतःच ऋणभारित होऊन त्यांना दूर ढकलतं. एकूण घनता त्यातून मिळत नाही.

तेही मी चालवून घेतलं असतं. खरा त्रास झाला ऋण आयनांचा. यान सेकंदाला सुमारे ६ किमी वेगाने वातावरणात शिरतं, त्यामुळे समोरचा आयन वस्तुमानाच्या प्रमाणात ऊर्जा घेऊन आत येतो. २६ वस्तुमानाचा सायनाइड आयन ५ ईव्हीजवळ पडतो, आणि त्या पट्ट्यात फोटोइलेक्ट्रॉनही असतातच. कोण कोण आहे ते ईएलएस सांगत नाही. आयन फक्त यानाच्या पुढून येतात, इलेक्ट्रॉन चहूकडून. म्हणून प्रत्येक फेरीत उपकरणाचं तोंड कुठे होतं हे क्षणाक्षणाला तपासावं लागतं. माझा बहुतेक वेळ त्यातच जायचा. पण वस्तुमानाप्रमाणे ऊर्जा वाढते, याच गुणामुळे टायटनवर १०,००० अणुवस्तुमान एककांहून जड ऋण आयन सापडले, हे मात्र फार मोठं काम. ज्यांना तेच हवं, त्यांनी ईएलएसच घ्यावं.

प्रोब म्हणजे दांडीवरचा ५ सेंमीचा गोळा. व्होल्टेज फिरवलं की एका बाजूला इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूला आयन. घनता आणि तापमान व्होल्टेज-प्रवाहाच्या एकाच वक्रातून. खालच्या थरांत धन आयन इलेक्ट्रॉनांपेक्षा जास्त भरतात, आणि त्या फरकातून ऋण आयनांचा अंदाजही येतो. उणीव एवढीच की पूर्ण वक्र २४ सेकंदांनी एकदा, म्हणजे मार्गावर सुमारे १४५ किमीचं अंतर. बारीक रचना निसटत असणार, असं मला वाटतं.

आणखी एक. ईएलएस जून २०१२ मध्ये कायमचं बंद झालं. प्रोब सप्टेंबर २०१७ पर्यंत चालला. २०१४ चा सौर कमाल काळ (सूर्य सर्वात सक्रिय असतानाचा) त्याच्याकडेच आहे, म्हणून सूर्याच्या चढउताराशी घनता जोडायची असेल तर माझा कल बहुधा कळलाच असेल. फक्त तयार घनतेच्या फाइलवर थांबू नका. काही वक्र स्वतः जुळवून बघा, विशेषतः वरच्या विरळ थरातले, कारण तिथे गोळ्यावर ऊन पडलं की त्याचेच फोटोइलेक्ट्रॉन प्रवाहात मिसळतात.