तेवारममधील शिवस्थळांची यात्रा : पुण्यातील एका यात्रा कंपनीचा अनुभव

संबंदर, अप्पर आणि सुंदरर या तमिळ संतकवींनी तेवारम या शिवस्तुतीच्या पदसंग्रहात गायलेली शिवस्थळे २७६ मानली जातात आणि त्यांपैकी ६३ एकट्या कावेरीच्या उत्तर तीरावर आहेत. त्यामुळे चिदंबरम, वैदीश्वरन कोईल, तिरुवारूर अशी मोजकीच ठिकाणे निवडणाऱ्या या कंपनीची आखणी शहाणपणाची वाटली. तिरुवारूरला ओदुवार, म्हणजे देवळात तेवारम गाणारे गायक, पदे गात असताना व्यवस्थापकांनी कोणालाही घाई केली नाही, हे विशेष. मात्र तिकडची बहुतेक देवळे दुपारी बंद असतात हे ठाऊक असूनही बस एकदा साडेबाराला पोचली आणि मंडळी गोपुराच्या सावलीत ताटकळली. तंजावरच्या मुलखात रोज पोळीभाजीचाच आग्रह कशासाठी, कोण जाणे! पुण्यातून निघताना दिलेल्या माहितीपत्रकात निदान दोनचार पदांचा मराठी अर्थ हवा होता. दर वाजवी आहे.