लोअर केलेल्या पोलोला कोणती चाकं: पंधरा, सोळा की सतरा इंची?

स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली, म्हणजे लोअर केली, की दुसऱ्याच दिवशी वाटायला लागतं, चाकं फार बारकी दिसतायत. मलाही तसंच वाटलं होतं. माझी फोक्सवॅगन पोलो चाळीस मिलिमीटर खाली आली आणि महिन्याभरात मी तिला सतरा इंची अलॉय चढवली. एका पावसाळ्यात दोन टायरांना फुगे आले आणि एक रिम वाकली. आज ती सोळावर आहे. पुण्याजवळ चाकणला बनणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली, पण पुण्या-मुंबईत अजून रोज कुणीतरी ती लोअर करतं आणि टायरवाल्याच्या दुकानात हाच प्रश्न घेऊन उभं राहतं. त्या माणसासाठी हे लिहितोय. पोलोच्या सख्ख्या गाड्या, व्हेंटो आणि रॅपिडवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आपण सगळे सुरुवात रिमच्या इंचापासून करतो, आणि तिथेच चुकतो. गाडी खाली आली म्हणजे चाकाला वर जायला असलेली जागा तेवढी कमी झाली. खड्डा आला की सस्पेन्शन आता लवकर बंपस्टॉपला, म्हणजे शेवटच्या रबरी थांब्याला, टेकतं. त्यानंतर धक्का सोसायला उरतो फक्त टायरमधला हवेचा थर, म्हणजे टायरची बाजूची भिंत, साइडवॉल. मूळ उंचीच्या गाडीत दहा मिलिमीटर साइडवॉल गेली तर फारसं जाणवत नाही, लोअर केलेल्या गाडीत ती हाडाला लागते. म्हणून आधी साइडवॉल किती ठेवायची ते ठरवा, मग बाहेरचा व्यास, आणि इंच सगळ्यात शेवटी.

१८५/६० आर१५ हा माझ्या गाडीचा मूळ साइझ: १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे साइडवॉल त्या रुंदीच्या किती टक्के, आणि १५ म्हणजे रिम किती इंची. बाकीचे त्याच्याशी ताडून पाहा. टायरांची मापं मिलिमीटरमध्ये आहेत आणि गणिताने काढलेली आहेत, प्रत्यक्ष टायर कंपनीप्रमाणे थोडा इकडेतिकडे असतो.

| साइझ | साइडवॉल | व्यास | व्यासातला फरक |
|---|---|---|---|
| १८५/६० आर१५ | १११ | ६०३ | मूळ |
| १९५/५५ आर१५ | १०७ | ५९६ | १.२ टक्के कमी |
| १९५/५५ आर१६ | १०७ | ६२१ | ३ टक्के जास्त |
| २०५/५० आर१६ | १०३ | ६११ | १.४ टक्के जास्त |
| १९५/५० आर१६ | ९८ | ६०१ | ०.३ टक्के कमी |
| २१५/४० आर१७ | ८६ | ६०४ | जवळजवळ तेवढाच |

पंधरा इंचांकडे कुणी वळून बघत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. १९५/५५ आर१५ हा टायर मूळ सहा इंच रुंद रिमवरच बसतो, म्हणजे खर्च फक्त टायरांचा. साइडवॉल चारच मिलिमीटर जाते आणि व्यास घटल्यामुळे चाकावरच्या कमानीत थोडी जागा उलट मिळते. पन्नास मिलिमीटर खाली आणलेली गाडी असेल, मागे आईवडील बसत असतील, रोजच्या रस्त्यावर आठ गतिरोधक असतील, तर माझं मत पंधरालाच. फोटोत ती उठून दिसत नाही हे खरं.

सोळात खरी निवड आहे, कारण तिथे तीन वेगळे स्वभाव आहेत. १९५/५५ आर१६ हा साइझ कंपनीनेच पोलोच्या वरच्या मॉडेलला दिला होता. बलेनो आणि आय२० वरही तोच येतो, त्यामुळे गावोगावी मिळतो. ‘कंपनीने दिलाय म्हणजे बसणारच’ असं इथे हमखास सांगितलं जातं. पण कंपनीने तो मूळ उंचीच्या गाडीला दिला. व्यास १८ मिलिमीटर वाढला की टायरचा माथा कमानीच्या ९ मिलिमीटर जवळ जातो, आणि स्प्रिंगने तिथली चाळीस मिलिमीटर जागा आधीच खाल्लेली असते. चार माणसं बसवून, पूर्ण स्टेअरिंग मारून खड्ड्यातून गेलात की आतलं प्लास्टिकचं लायनर घासल्याचा आवाज येतो. गाडी पंचवीस-तीस मिलिमीटरच खाली असेल तर हाच टायर घ्या, दुसरा शोधूही नका.

चाळीसच्या आसपास असाल तर २०५/५० आर१६. साइडवॉल १०३ उरते, कमानीत मूळपेक्षा चारच मिलिमीटर कमी जागा राहते, आणि गाडी वळणात छान रोवून चालते. ताम्हिणी घाटात मला मूळ टायरांपेक्षा सगळ्यात जास्त फरक इथेच जाणवला. अडचण मिळण्याची. हा साइझ दुकानात तयार नसतो, मागवावा लागतो. जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून वेगळ्या साइझसाठी थांबावं लागणं नेहमीचं झालंय. म्हणून रिमचे पैसे देण्याआधी टायर हातात येणार का ते विचारा. एक फुटला तर पंधरवडा गाडी उभी राहील, हेही हिशेबात धरा. १९५/५० हा मधला मार्ग दिसतो, पण व्यास मूळचाच आणि साइडवॉल ९८, म्हणजे खड्ड्यात २०५ पेक्षा कमजोर. पन्नासच्या पुढे खाली गेलेल्या गाडीला सोळाच हवे असतील तरच त्याचा विचार करावा.

सतरा. दिसायला याच्या तोडीचं काही नाही, आणि व्यास मूळच्याइतकाच असल्याने घासण्याचा त्रासही २१५/४० मध्ये व्यासामुळे होत नाही, झाला तर रुंदीमुळे होतो. पण साइडवॉल ८६. मूळ टायरपेक्षा २५ मिलिमीटर कमी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शनाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असायला हवा. आपल्याकडे गल्लीत रातोरात उगवणारे डांबराचे उंचवटे कसे असतात ते तुम्ही रोज बघता. त्यात पावसाचं पाणी भरलेला, कडा शाबूत असलेला खड्डा. अशा कडेवर कमी साइडवॉलचा टायर रिम आणि डांबर यांच्यामध्ये चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. तो टायर दुरुस्त होत नाही. शिवाय पोलोसारख्या हलक्या गाडीला रुंद टायर घातला की साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. गाडी फक्त रविवारी पहाटे निघत असेल तर सतरा घ्या आणि मनापासून आनंद घ्या. रोजची असेल तर मी नाही म्हणेन.

सतरा घेतलेच तर टायरवरचा भाराचा आकडा बघा. मूळ टायरवर ८४ असतो, म्हणजे एका टायरला ५०० किलो. साध्या २१५/४० आर१७ वर ८३ असतो, म्हणजे ४८७ किलो, तो चालणार नाही. एक्सएल, म्हणजे जास्त भार पेलणारा, असं लिहिलेला ८७ चा घ्या. पण त्याचे ५४५ किलो ४२ पीएसआय हवेला मोजलेले असतात, साध्या टायरचे ३६ ला. जुन्या सवयीने हवा भरलीत तर त्याची ताकद तुम्हाला मिळतच नाही.

आता ऑफसेट. चुकीचा साइझ निदान टायर बदलून सुधारतो, चुकीच्या ऑफसेटसाठी अख्खी रिम बदलावी लागते. रिमच्या आतल्या बाजूला ईटी आणि एक आकडा कोरलेला असतो. रिमची मधली रेषा आणि हबला (चाक जिथे बोल्टने बसतं त्या भागाला) टेकणारा पृष्ठभाग यातलं ते अंतर मिलिमीटरमध्ये. समजा जुनी रिम सहा इंच रुंद, ईटी ४०. नवी सात इंच. रुंदी एक इंचाने वाढली म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिलिमीटर. ईटी ४० च राहिला तर बाहेर १२.७, आत १२.७. ईटी ३८ असेल तर बाहेर १४.७ आणि आत १०.७. आणि ‘मस्त बाहेर दिसते’ म्हणून विकली जाणारी ईटी २५ असेल तर रिम बाहेर २७.७ मिलिमीटर येते. ती टायरला फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेवर कापून घेणार, स्टेअरिंग खड्ड्यात हाताला हिसके देणार आणि बेअरिंगवर कायमचा ताण टाकणार. सात इंची रिमला मी ३८ ते ४५ च्या बाहेर जाणार नाही.

आतल्या बाजूबद्दल एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच खांबात. त्यात चाक आणि स्ट्रट एकत्रच वरखाली होतात, त्यामुळे नुसती स्प्रिंग बदलली तर टायर आणि स्ट्रट यांच्यातलं अंतर बदलत नाही. कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमीजास्त करता येणारी स्प्रिंग-शॉकची जोडी, बसवलेत तर मात्र स्प्रिंगची बैठक खाली सरकते, कधी थेट टायरच्या उंचीवर येते. तिथे आधी पट्टीने मोजा. कमानीत किती जागा उरते ते बघायला लायनरच्या आत जागोजागी घट्ट कणकेचे गोळे चिकटवा, चार माणसं बसवून हळूहळू एखाद्या उंच गतिरोधकावरून दोन्हीकडे स्टेअरिंग मारत जा, परत येऊन गोळे किती चेपलेत ते बघा. ज्याच्याकडून रिम घेताय त्याला हे एका चाकावर करून बघू द्यायला सांगा. भला दुकानदार नाही म्हणत नाही.

चाकं चढली की अलाइनमेंट करा, आणि स्प्रिंग बसल्यावर काही शे किलोमीटरनंतर पुन्हा. लोअर केल्यावर पुढचे टायर वरून थोडे आत झुकतात ते चालतं, पण टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकाचं तोंड आत-बाहेर वळण्याचा कोन, बिघडलेला असेल तर नवा टायर आतल्या कडेने बघता बघता संपतो.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाने बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. टायर मूळ व्यासाजवळ आणि फेंडरच्या आत ठेवलात तर निदान तुमच्यापायी दुसऱ्याला धोका नाही. विमा कंपनीला मात्र लेखी कळवा.

राहिले बोल्ट, आणि यात जिवाचा प्रश्न आहे. पोलोचा पीसीडी ५ गुणिले १००, म्हणजे शंभर मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट, आणि मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. बाजारातल्या बऱ्याच रिमांचं भोक ७३.१ असतं, मध्ये रिंग घातली नाही तर ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. आणि फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं बूड गोल असतं, बाहेरच्या रिमांना बहुधा साठ अंशांचं निमुळतं लागतं. गोल बोल्ट निमुळत्या खाचेत आवळला तर तो कडेवरच टेकतो आणि चालता चालता सैल होतो. नवे बोल्ट योग्य लांबीचे घ्या, फार लांब असले तर मागच्या ड्रमच्या आत घासतात. १२० न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने आवळा आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. जुने पाच गोल बुडाचे बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यात ठेवा. स्टेपनी मूळ लोखंडी रिमची आहे, रात्री एक्स्प्रेसवेवर ती लावायची वेळ आली तर तिला तेच बोल्ट लागतील.