पोलीस ठाण्यातली तक्रार नोंदणी, नाशिक : पाचपैकी दोन तारे

नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवायला गेल्याचा हा अनुभव. ठाण्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या ज्या महिला हवालदारांनी शेवटी काम केलं, त्यांना त्रास व्हायला नको. दोन तारे आहेत तेही त्यांचेच.

माझं पोळीभाजी केंद्र आहे. पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशी संध्याकाळी घरी चालल्या होत्या, बाइकवरून आलेल्या दोघांनी त्यांच्या हातातला मोबाइल हिसकावला आणि पळाले. मावशी मुलाला बोलावून घेऊन तडक ठाण्यात गेल्या.

तिथे पहिल्यांदा हद्द निघाली. रस्त्याची ती बाजू आमच्याकडे येत नाही म्हणे. मग आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर कुठल्या वस्तीत राहता ते विचारलं. आणि मग सगळे प्रश्न मुलाकडे वळले. काय करतोस, तुझ्यावर आधी काही केस आहे का, आधार दाखव, मोबाइल उघड. तक्रार द्यायला आलेल्या आईसोबत उभा असलेला पोरगा, आणि त्याच्या मोबाइलमधले फोटो सरकवून बघत होते. मावशींशी बोलणं सगळं अगं-तुगं. वयाने त्या त्या अंमलदाराच्या आईएवढ्या असतील.

त्याच मोबाइलवरून मला फोन आला. मी पोचले तेव्हा मावशी बाहेरच्या बाकावर होत्या आणि त्यांच्या हातात एक छापील अर्ज दिलेला होता : मोबाइल गहाळ झाल्याचा.

आत टेबलासमोर एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या कारची काच फोडून लॅपटॉपची बॅग नेली होती. त्यांना खुर्ची होती, पाणी आलं, नंतर चहा आला. अंमलदार विचारून विचारून कॉम्प्युटरवर फिर्याद टाइप करत होते. बॅगेचा रंग चुकला तो दुरुस्त केला, सगळं वाचून दाखवलं, प्रिंट काढून सही घेतली आणि एफआयआरची प्रत हातात दिली. त्या गृहस्थांबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांचं काम झालं तसंच प्रत्येकाचं व्हायला हवं. पण ते डोळ्यांनी बघितल्यामुळे माणसं बंदोबस्तात अडकलीत, सिस्टीम स्लो आहे, ही कारणं मला पटत नाहीत. माणूस तोच होता, कॉम्प्युटर तोच होता. हे ठाणं नीट काम करू शकतं, आणि कुणासाठी करायचं ते समोरचा माणूस बघून ठरवतं.

माझ्याशी भाषा एकदम बदलली. “अहो ताई, चार हजारांचा फोन, कशाला कोर्टकचेरी? गहाळचा दाखला घ्या, लगेच नवीन सिम मिळेल.” सिम मिळेल हे खरं. पण गहाळ लिहून दिलं की गुन्हा घडलाच नाही असं होतं. मग बाइकवरच्या त्या दोघांना शोधायचं कुणी? आणि उद्या वस्तीत दुसऱ्या कुणाकडे तो मोबाइल सापडला, तर तो हिसकावलेला आहे हे मावशींनी कशावरून सांगायचं?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली हिसकावून नेणं हा स्वतंत्र, दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीची वाट न बघता पोलिसांना तपास करता येतो असा, मग वस्तू चार हजारांची असो की चाळीस हजारांची. हद्दीचं कारण तर चालतच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्याला माहिती घ्यावी लागते आणि फिर्यादीला प्रत मोफत द्यावी लागते. दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितलं. काही गुन्ह्यांत आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, पण तिलाही उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. हिसकावलं त्याचं गहाळ करून घ्यायची मुभा कुठेच दिलेली नाही.

मी म्हटलं, गुन्हा दाखल करत नाही असं लेखी द्या. ते कुणी द्यायला तयार नव्हतं. मग छतावरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. ठाण्यांतले कॅमेरे आणि त्यांचं चित्रण १८ महिने जपून ठेवणं याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे, तेव्हा आजचं चित्रण मी मागणार, असं सांगितलं. आवाज खाली आले. आतून त्या महिला हवालदार आल्या, मावशींना “बसा” म्हणाल्या आणि खुर्ची पुढे केली. मावशींना बाइकचा रंग आठवत होता, मागे बसलेल्याचा शर्ट आठवत होता, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. बाईंनी ते शब्दशः लिहून घेतलं. प्रत मिळाली तेव्हा रात्र झाली होती.

माझ्याशिवाय मावशींचं हे काम झालं असतं का? नसतं झालं. माझा राग त्यावर आहे.

कुणाची तक्रार घेतलीच नाही तर ती लेखी स्वरूपात पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवता येते. शहरात पोलीस उपायुक्त, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वकिलाची फी परवडत नसेल तर सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानक) जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. अर्जाची पोचपावती मात्र शिक्क्यासह घ्या.

मोबाइल अजून मिळालेला नाही. त्याचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, ब्लॉक केला आहे. मुलाला दिलेल्या वागणुकीबद्दल आम्ही उपायुक्तांकडे वेगळा अर्ज दिला आहे, त्यावर मावशींची सही आहे आणि त्याचीही. उत्तर आलं नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाणार. फिर्यादीच्या मुलाचा मोबाइल कुठल्या अधिकारात उघडायला लावला, एवढं आम्हाला लेखी हवं आहे.