पोस्टग्रेसचं लॉजिकल रेप्लिकेशन: डेटा आपोआप जातो, रचना मात्र आपणच न्यायची

भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांचा स्टॉक आणि चलनं सांभाळणारं आमचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं. मुख्य सर्व्हर पुण्यात, बॅकअपचा मुंबईत, दोन्हीकडे आवृत्ती १६. गेल्या पावसाळ्यापासून मध्ये लॉजिकल रेप्लिकेशन आहे, म्हणजे पुण्यातल्या टेबलांच्या ओळींमधले बदल मुंबईला आपोआप पाठवणारी सोय. डेटाबद्दल तक्रार नाही. इथे चलन बनलं की तिकडे दिसतं.

टेबलाची रचना बदलली की मात्र मुंबईला काही कळत नाही. हा बिघाड नव्हे. २०१७ साली आवृत्ती १० मध्ये ही सोय आली तेव्हापासून तिचा स्वभावच असा आहे: ओळी जातात, ऑल्टर टेबल (रचना बदलणारी आज्ञा) जात नाही.

एका नव्या सहकाऱ्याने घाईत फक्त इकडे कॉलम वाढवला. त्या टेबलात पहिली ओळ पडताच तिकडचा वर्कर, म्हणजे आलेले बदल लावणारी प्रक्रिया, कॉलम नाही म्हणून थांबला, आणि त्या एका टेबलापायी सबस्क्रिप्शनमधली (मुंबईने घेतलेल्या जोडणीतली) सगळीच टेबलं अडली. वर्कर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत लॉग भरत बसतो. इकडे स्लॉट, म्हणजे मुंबईला कुठपर्यंत पोचलं याची नोंद, वॉल फाइली (बदलांच्या नोंदवह्या) सोडत नाही, म्हणजे डिस्क भरायची ती मुख्य सर्व्हरची. बॅकअपच्या दुखण्याने मूळ यंत्रणाच आडवी व्हायची. अशा किती फाइली धरून ठेवायच्या याची मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझची मर्यादा घातलेली बरी, पण ती ओलांडली की स्लॉट बाद होतो आणि सगळी कॉपी पहिल्यापासून.

आता क्रम भिंतीवर लावलाय. कॉलम वाढवायचा तर आधी मुंबई, मग पुणे; जादा कॉलम तिकडे असला तर चालतो, फक्त नॉट नल (रिकामा चालत नाही असा) असेल तर डीफॉल्ट, म्हणजे आपोआप भरायची किंमत, हवं. काढायचा तर आधी पुणे. इंटिजरचा बिगइंट (मोठ्या आकड्यांचा प्रकार) करायचा तरी आधी मुंबई. नाव बदलणं सगळ्यात त्रासाचं, कारण जुळणी नावावरच होते. त्यासाठी लिखाण बंद करायचं, तिकडे सगळं पोचू द्यायचं, मग दोन्हीकडे नाव बदलायचं. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, म्हणून ही कामं गुरुवारीच.

खरी भीती एररची नाही, शांततेची. नवं टेबल दोन्हीकडे बनवलं, पब्लिकेशन (पुण्याहून पाठवायच्या टेबलांची यादी) सगळ्या टेबलांसाठी आहे, तरी मुंबईला ती यादी ताजी करणारं रिफ्रेश पब्लिकेशन चालवलं नाही तर त्या टेबलाच्या ओळी मुकाट्याने टाळल्या जातात. लॉग स्वच्छ, टेबल रिकामं. तसंच डीफॉल्टचं. नव्या कॉलमला डीफॉल्ट म्हणून रँडम यूयूआयडी (आपोआप बनणारा वेगळा ओळखक्रमांक) दिलात तर जुन्या ओळींना दोन्हीकडे वेगवेगळे यूयूआयडी मिळतात, कारण ते भरण्याचं काम प्रत्येक सर्व्हर आपापलं करतो. असा कॉलम आधी रिकामा घालायचा आणि मग अपडेटने भरायचा. अपडेट रीतसर पोचतो.

मग साधं स्ट्रीमिंग, म्हणजे सबंध सर्व्हरची जशीच्या तशी नक्कल, का नाही, असं विचारणारे भेटतात. त्यात रचना आपोआप जाते, बरोबर. पण दोन्हीकडे मुख्य आवृत्ती एकच लागते, तिकडे रिपोर्टसाठी वेगळे इंडेक्स करता येत नाहीत, आणि इकडे चुकून ड्रॉप झालेलं टेबल तिकडेही उडतं. आम्हाला ते रिपोर्ट हवे होते. ज्यांना नकोत त्यांनी खुशाल स्ट्रीमिंग घ्यावं, डोकं शांत राहील. आणि रोजचा डंप (डेटाबेसची फाइलमधली प्रत) दोन्ही प्रकारांत हवाच. चुकीचा डिलीट दोन्हींतून तितक्याच इमानाने पलीकडे जातो.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याऐवजी मुंबईच्या सर्व्हरवर सगळं चालवून पाहिलं. सिक्वेन्सचे, म्हणजे नवे आयडी देणाऱ्या मोजणीचे, आकडे रेप्लिकेशनमधून येत नाहीत, तसेच सोडले तर पहिल्याच नव्या चलनाला जुना आयडी मिळून इन्सर्ट आपटतो. प्रत्येक सिक्वेन्स टेबलातल्या मोठ्यात मोठ्या आयडीवर नेणारी सेटव्हॅलची स्क्रिप्ट आम्ही तयार ठेवली होती, तिने काम भागलं. युजर आणि त्यांचे अधिकारही असेच हाताने न्यावे लागतात. त्याची वेगळी स्क्रिप्ट आता दर गुरुवारी चालते.